आधी पडदा, मग मशीन!

घरात थिएटर करायचंय? मग शोरूममध्ये जाण्याआधी शिडी आणि मेजरिंग टेप बाहेर काढा. छताला प्रोजेक्टर टांगण्याचा हा कोल्हापुरी फंडा...

वीकेंड आला की हल्ली घराघरात एकच चर्चा. पिक्चर बघायचा, पण कुठे? मल्टिप्लेक्सला चौघं गेलो की तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून खिसा हलका होतो. घरी ओटीटीवर सगळं आहे, पण ४३ इंची टीव्हीवर ती मजा नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘प्रोजेक्टर घेऊया का रे?’ आणि रात्रभर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. ल्यूमेन्स, फोर-के, लेसर, डीएलपी... सकाळपर्यंत डोकं भणभणतं.

आमच्याकडे निमित्त होतं आईचे गुडघे. एकेकाळी दर आठवड्याला मैत्रिणींसोबत मॅटिनीला जाणाऱ्या माझ्या आईनं तीन वर्षांत मोठ्या पडद्यावर एकही पिक्चर पाहिला नव्हता. अंधारात पायऱ्या चढायचीच तिला भीती वाटते. टीव्हीसमोर बसली की दहा मिनिटांत डुलकी. थिएटर घरी आणायचं, एवढं ठरलं. बजेट एक लाख, त्यात सगळं बसवायचं. एक लाख म्हणजे आमच्यासारख्या नोकरदारांची दीड-दोन वर्षांची बचत. चुकून चालणार नव्हतं.

सुदैवानं आमचे मामा मदतीला होते. मामांनी कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये आयुष्यभर ऑपरेटरचं काम केलं. दोन हजार फुटांचं रीळ, साधारण बावीस मिनिटांचं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकाला कळताही कामा नये! मामांनी आमची मोबाइलवरची यादी बघितलीच नाही. म्हणाले, “मशीन ऱ्हाऊ दे. भिंत कुठाय, भिंत?”

पडद्याचं गाव

मामांचा हा हिशेब कोल्हापूरला नवा नाही. या गावात सिनेमाची सुरुवातच मुळी पडद्यापासून झाली. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. चलच्चित्रं बघून ते झपाटले आणि स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवायला बसले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम पुढे नेलं आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. १ जून १९२९ ला ‘प्रभात’ची स्थापनाही इथलीच. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, पण त्याआधी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, तो याच सगळ्याच्या आठवणीसाठी. थोडक्यात काय, तर बाजारात मिळत नसेल ती वस्तू बनवून घ्यायची, ही या गावाची सवय. आम्हाला ती पुढे फारच उपयोगी पडली.

सोफ्यापासून सुरुवात

पहिलं माप घ्यायचं ते सोफ्याचं. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत किती अंतर? पडद्याच्या तिरक्या मापाच्या साधारण १.२ ते १.६ पट अंतरावर बसलं, तर चित्र डोळ्यांत भरतं आणि मानही दुखत नाही. आमचं अंतर अकरा फूट. म्हणजे १०० इंची पडदा (सव्वाआठ फुटांच्या आसपास) एकदम परफेक्ट. १६:९ आकाराचा १०० इंची पडदा ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असतो. मामांनी भिंतीवर खडूनं चौकोन आखला आणि आईला सोफ्यावर बसवलं. “ताई, मान वर करावी लागती का?” लागत होती. चौकोन खाली सरकला. खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर आली, तेव्हा आईची मान खाली आली आणि पडदा ठरला.

दुसरं माप, मशीन भिंतीपासून किती लांब? प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. पडद्याच्या रुंदीला त्या आकड्यानं गुणायचं. ८७ गुणिले १.५ म्हणजे जवळपास अकरा फूट. आकडा १.२ असेल तर पावणेनऊ फूट. खोलीच तेवढी लांब नसेल, तर कितीही भारी मशीन आणा, चित्रानं पडदा भरणार नाही. म्हणून आधी पडदा, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी मॉडेल.

आठ इंचांचं ब्रॅकेट, अडीच फुटांचा प्रश्न

खरी गंमत इथे सुरू झाली. मशीन आलं, सोबत दुकानाचा पोरगा आला, हातात ड्रिल आणि आठ इंचांचं ब्रॅकेट. “वहिनी, अर्ध्या तासात लावून देतो.”

मामांनी गणित मांडलं. आमचा स्लॅब जमिनीपासून ११४ इंचांवर. पडद्याची वरची कड ३० अधिक ४९, म्हणजे ७९ इंचांवर. उलटा टांगलेला प्रोजेक्टर आपलं चित्र लेन्सच्या थोडं खाली टाकतो. याला ‘ऑफसेट’ म्हणतात आणि तो मॉडेलनुसार बदलतो. आमच्या मशीनचा पडद्याच्या उंचीच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे पाच इंच. तेव्हा लेन्स हवी ८४ इंचांवर, म्हणजे स्लॅबच्या खाली तब्बल ३० इंच! आठ इंचांचं ब्रॅकेट घेऊन करायचं काय?

“काय नाय हो, मशीन खाली वाकवू आणि की-स्टोन मारू,” इति पोरगा.

की-स्टोन म्हणजे काय? मशीन वाकवलं की चित्राची खालची बाजू रुंद होते आणि वरची अरुंद. मग एक बटण दाबून चित्र कृत्रिमरीत्या सरळ करतात. दिसायला सोपं, पण यात चिपवरचे काही ठिपके वाया जातात, बारीक अक्षरं भुरकट होतात. आणि अंधार केला की पडद्याबाहेर भिंतीवर राखाडी उजेडाची एक वाकडी पट्टी दिसत राहते.

मामा हसले. “बाळा, आमची केबिन वर आन् पडदा खाली. आमचंबी चित्र वाकडंच पडायचं. आम्ही फिल्मसमोरची पत्र्याची प्लेट कानशीनं घासून चौकोन सरळ करायचो. ते नाइलाजानं. तुला नाइलाज हाय का? पाइप लांब कर की!”

लेन्स शिफ्ट असलेलं मशीन घेतलं, तर लेन्सच वर-खाली सरकते आणि ठिपके वाया न जाता चित्र हलवता येतं. पण ही सोय सहसा महागड्या मॉडेल्सना असते. आमच्या बजेटात ती बसत नव्हती. पाइप बसत होता.

उद्यमनगर झिंदाबाद

ऑनलाइन शोधलं तर लांब पाइपचे स्टँड मिळत होते, पण एक तर महाग, दुसरं म्हणजे यायला दहा दिवस. कोल्हापूरकर दहा दिवस कशाला थांबेल? शिवाजी उद्यमनगरात गेलो, कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन तासांत पाइप, वर-खाली दोन प्लेटा, वेल्डिंग आणि मॅट काळा रंग. खर्च आठशे रुपये. नाद खुळा!

टांगताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पीओपीच्या छताला काहीही लटकवायचं नाही. ते फक्त शोभेचं. पाइप पीओपीतून आरपार जाऊन वरच्या काँक्रीटच्या स्लॅबलाच अँकर फास्टनरनं पकडला पाहिजे. दोन, ड्रिल मारण्याआधी स्लॅबमधून जाणारे विजेचे पाइप कुठून गेलेत ते वायरमनकडून तपासून घ्या. तीन, मशीनला वेगळी बारीक स्टीलची तार बांधा. एखादा स्क्रू सैल झाला, तरी तीन-चार किलोचं मशीन कुणाच्या डोक्यावर येणार नाही.

आणि पंखा! परदेशी माहितीत हा विषय नसतोच. आपल्या हॉलच्या मधोमध पंखा फिरत असतो. मशीन त्याच्या मागे आणि पात्यांच्या उंचीवर असेल, तर पडद्यावर सतत सावल्या फडफडतात. आमच्या लांब पाइपनं हाही प्रश्न सोडवला. पाती स्लॅबखाली चौदा इंचांवर, लेन्स तीस इंचांवर. उजेड पात्यांच्या खालून निघून जातो.

वायरिंगचं काम भिंती रंगवण्याआधी उरका. छताजवळ अर्थिंगसह एक प्लग पॉइंट हवा. सिग्नलच्या केबलसाठी विजेपासून वेगळा, जाडसर पाइप टाका आणि त्यात एक जादा ओढतार ठेवून द्या. उद्या केबल बदलावी लागली, तर भिंत फोडायला नको. दहा मीटरच्या आसपास अंतर असेल, तर साधी एचडीएमआय केबल फोर-के चित्राला दगा देऊ शकते. तिथे फायबरची केबल घ्या. पण तिला दिशा असते. एक टोक प्लेअरकडचं, दुसरं प्रोजेक्टरचं. पाइपात ओढण्याआधी टोकांवरची अक्षरं वाचा.

जुन्या घरात काय?

शिवाजी पेठेतल्या माझ्या मावसभावाचं घर जुनं, सागवानी तुळयांचं. त्यानं तुळईला मशीन टांगलं. भक्कम होतं, पण वरच्या माडीवर कुणी चाललं की पडद्यावरचा हीरो थरथरायचा! अकरा फुटांवर तुळईची केसभर हालचालही मोठी दिसते. शेवटी मशीन मागच्या भिंतीवरच्या फळीवर गेलं आणि चित्र स्थिर झालं. कोनाड्यात ठेवायचं असेल, तर गरम हवा बाहेर पडायला सगळीकडून मोकळी जागा ठेवा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही स्लॅबच्या भानगडीत पडू नये. मागच्या भिंतीला फळी किंवा उंच स्टँड बेस्ट. पडद्याखाली टेबलावर ठेवायची अल्ट्रा शॉर्ट थ्रो मशीन्सही आहेत, पण त्यांना पडदा एकदम सपाट लागतो. जरा सुरकुती असली की चित्र लाटा मारतं.

उजेडाचं साधं गणित

‘दहा हजार ल्यूमेन्स, फक्त आठ हजार रुपयांत!’ अशा जाहिराती बघितल्यात ना? विसरा. आन्सी किंवा आयएसओ ल्यूमेन्स किती, एवढंच विचारा. दुकानदार विषय बदलायला लागला, तर तुम्ही दुकान बदला.

लागतो तरी किती उजेड? डिजिटल थिएटरसाठी ठरलेलं प्रमाण १४ फूट-लँबर्ट. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी याचा अर्थ दर चौरस फुटाला १४ ल्यूमेन्स. १०० इंची पडदा साधारण ३० चौरस फुटांचा. म्हणजे पूर्ण अंधारात फक्त ४२० ल्यूमेन्स! आता मशीन जुनं होताना उजेड कमी होतो आणि सिनेमाच्या मोडवर तो आणखी उतरतो, म्हणून दीड-दोन हजार खरे ल्यूमेन्स घ्यावेत. त्यापुढचे पैसे खिडकीच्या जाड पडद्यांवर घाला. खिडकीतून उजेड येत असेल, तर काळा रंग कधीच काळा दिसत नाही. पडद्याजवळचं छतही गडद रंगवलंत, तर फरक त्याच दिवशी दिसेल. बजेट फारच टाइट असेल, तर भिंतीला पुट्टी, घासकाम आणि मॅट पांढरा रंग. पडद्याचं काम सुरुवातीला छान भागतं.

पावसाळ्यात जपा

कोल्हापूरचा पाऊस म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर आठवड्यातून तासभर तरी मशीन चालवा. आतला दमटपणा कमी होतो. गुंडाळायचा पडदा ओलसर हवेत दिवसचे दिवस उघडा ठेवू नका, बुरशीचे ठिपके पडतात. फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी साफ करा. हवेच्या झरोक्यांवर पालींची नजर असते, तेव्हा तिकडेही बघत चला. लॅम्पचं मशीन असेल, तर छोटा यूपीएस हवाच. ऐन पिक्चरमध्ये लाइट गेली, तर आतला पंखा बंद पडतो आणि तापलेला लॅम्प थंड होत नाही. लेसर आणि एलईडी मशीन्सना हे टेन्शन कमी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या भागात राहत असाल, तर यूपीएस आणि अ‍ॅम्प्लिफायरही जमिनीवर ठेवू नका.

चौकट : खरेदीआधीची पाच मापं

१. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर.
२. पडद्याची रुंदी, उंची आणि खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची.
३. थ्रो रेशोनं काढलेलं मशीनचं अंतर.
४. स्लॅबची उंची वजा लेन्सची उंची, म्हणजे पाइपची लांबी.
५. पंख्याच्या पात्यांची पातळी.

ही पाच मापं कागदावर असतील, तर कुठलाही सेल्समन तुम्हाला गंडवू शकत नाही.

आमच्या भिंतीवर पहिल्यांदा लागला ‘अयोध्येचा राजा’. चित्र जवळपास चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. नवऱ्यानं लगेच रिमोट उचलला, चित्र ताणून पडदाभर करायला. मामांनी हात धरला. “जसं काढलंय, तसंच बघायचं.” आई शेवटपर्यंत जागी होती. आता दर शनिवारी गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी येतात. तिकीट, घरून एक डबा भडंग. आणि आमच्याच गल्लीतले दोघं परवा मामांना विचारत होते, “मामा, आमच्याकडं माप घ्यायला कधी येताय?”