जंताचं औषध आणि जनावराचं वजन

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांच्या अंगावर एकदा बारीक किडी झाल्या. अशा वेळी सगळीकडे जे करतात तेच तिथेही केलं गेलं. उंदरांना आयव्हरमेक्टिन दिलं. बाकीचे उंदीर ठणठणीत राहिले, पण ज्यांच्यातलं एक विशिष्ट जनुक संशोधकांनी काढून टाकलं होतं, ते मेले. आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावून १९९४ साली निबंध प्रसिद्ध केला. ते जनुक नसलेले उंदीर या औषधाला शंभर पट हळवे झाले होते.

आयव्हरमेक्टिन म्हणजे आपल्याकडे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना जंत, गोचीड, खरूज यांसाठी सर्रास दिलं जाणारं औषध. त्याचं मूळ जपानच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतातल्या कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला. अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल यांच्या चमूने त्यातलं जंतनाशक द्रव्य शोधलं. १९८१ साली औषध जनावरांसाठी बाजारात आलं. पुढे माणसांतल्या नदी-अंधत्वावरही ते चाललं आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हे औषध जंताला मारतं आणि गाईला का मारत नाही? गोलकृमी आणि गोचीड यांच्या चेतापेशींमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लुटामेट या रसायनाने उघडणारी क्लोराइडची दारं असतात. आयव्हरमेक्टिन ती उघडी ठेवतं. मग जंताच्या घशाचे आणि अंगाचे स्नायू लुळे पडतात, त्याला खाता येत नाही आणि तो मरतो. सस्तन प्राण्यांत ही दारं नाहीतच. त्यांच्याशी थोडी मिळतीजुळती दारं आहेत, पण ती मेंदूत आणि मज्जारज्जूत. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन राखणदारासारखं बसलेलं असतं आणि आत शिरू पाहणारं औषध परत रक्तात ढकलतं. ॲमस्टरडॅमच्या त्या उंदरांत हेच प्रथिन बनत नव्हतं.

काही कुत्र्यांत ते जन्मतःच बनत नाही. कोली जातीचे कुत्रे आयव्हरमेक्टिनने झिंगतात, आंधळे होतात, बेशुद्ध पडतात, हे पशुवैद्यांना आधीपासून माहीत होतं. २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅट्रिना मिली यांच्या गटाने त्याच जनुकातली फक्त चार अक्षरं गळालेली दाखवली. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी अशा इतर मेंढपाळी जातींतही हा दोष आढळतो, त्यांच्या संकरातही असू शकतो.

आता हिशेब पाहा. गाई-मेंढ्यांची नेहमीची मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. एक टक्क्याच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ते ५० किलोच्या जनावराला पुरतं. कुत्र्याला हृदयकृमी होऊ नये म्हणून जी मासिक मात्रा देतात ती किलोमागे अवघी ६ मायक्रोग्रॅम, आणि ती कोलीलाही चालते. दहा किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम झाले. गाईसाठी आणलेल्या बाटलीतलं एक मिलिलिटर त्याला टोचलं, तर ही मात्रा दीडशे पटींहून जास्त होते. ‘जरा गाईचंच दे की’ या सवयीत धोका आहे तो इथे.

मांजराची गोष्ट निराळी. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताची ही शक्ती फार तोकडी, म्हणून तेच थेंब मांजराच्या मानेवर टाकले तर त्याला थरथर सुटते, झटके येतात आणि ते दगावू शकतं.

जास्त मात्रेची भीती सगळ्यांना असते. कमी मात्रेची कुणालाच नसते, आणि मला जास्त काळजी तिची वाटते. मेंढ्यांच्या पोटातला हिमोंकस हा रक्त पिणारा जंत घ्या. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळ्यात ओल्या गवतावर अळ्या चढतात, मेंढी फिकी पडते, जबड्याखाली पाणी साठतं. मेंढपाळ औषध पाजतो, बहुतेक वेळा वजन अंदाजानेच धरून. मोठ्या मेंढीला औषध अपुरं पडतं, तिच्यातले चिवट जंत जगतात आणि पुढची सगळी पिढी त्यांचीच होते. थायाबेंडाझोल हे जंताचं औषध १९६१ साली आलं. त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद १९६४ साली झाली. आयव्हरमेक्टिनचंही काही वर्षांतच तेच झालं, सुरुवात दक्षिण आफ्रिकेत झाली.

तिथल्याच पशुवैद्यांनी मग फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार केला. मेंढीची खालची पापणी उलटून आतला रंग तक्त्याशी ताडायचा. लालसर असेल तर औषध नको, फिकट असेल तरच द्यायचं. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. उरलेल्यांना औषध न दिल्याने त्यांच्यातले साधे, औषधाने मरणारे जंत टिकून राहतात आणि चिवटांचं प्रमाण वाढू देत नाहीत. सगळा कळप पाजून लगेच ताज्या कुरणावर नेण्याची जुनी रीत म्हणूनच घातक ठरली. नव्या कुरणावर मग फक्त चिवट जंतांचीच अंडी पडतात.

हे सगळं आपल्या वाड्यावर लगेच करता येण्यासारखं आहे. काटा नसेल तर छातीचा घेर मोजून वजन काढा. कळपाला एकच मात्रा द्यायची असेल तर सरासरी नव्हे, सर्वांत वजनदार मेंढी धरा. लहान कोकरांना मात्र वेगळं काढा, कारण लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य आणि घातक मात्रेतलं अंतर कमी असतं. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, तिची मात्रा पशुवैद्यालाच विचारा. गाय गाभण असेल तर पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक नको, वासरात व्यंग येऊ शकतं. पाजताना मान फार उंच करू नका, औषध फुप्फुसात जातं. आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं, त्यामुळे दुधातही उतरतं. दूध किती दिवस वापरायचं नाही हे बाटलीवर वाचा आणि पाळा. आयव्हरमेक्टिनचा मोठा भाग शेणातूनही जसाच्या तसा बाहेर पडतो आणि शेण कुजवणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या मारतो.

गोचिडांसाठी नुसतं जनावर फवारून भागत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि गोठ्याच्या भेगांत अंडी घालते. भेगा बुजवा.

आणि पुढच्या वेळी दुकानातून बाटली आणण्याआधी चार-पाच जनावरांच्या लेंड्या किंवा शेण जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. जंत आहेत का, कुठले आहेत आणि मागचं औषध लागू पडलं का, हे त्यातूनच कळतं.