ऋतूंचे कापडी रूप : जपानी 'त्सुमामी कान्झाशी' आणि मराठी केशपुष्पे

प्रस्तावना :
केसांत फूल माळणे ही मराठी स्त्रीच्या शृंगारातील इतकी सहज गोष्ट आहे की, तिच्याकडे कलाप्रकार म्हणून क्वचितच पाहिले जाते. जपानमध्ये मात्र ताज्या फुलाऐवजी रेशमी कापडाचे फूल घडवून ते केसांत खोचण्याची स्वतंत्र हस्तकला विकसित झाली. 'कान्झाशी' म्हणजे केसांत खोचावयाचे आभूषण आणि 'त्सुमामी' म्हणजे चिमटीत धरणे. प्रस्तुत लेखात या कलेचे स्वरूप स्पष्ट करून वसई परिसराच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

कलेचे स्वरूप :
एदो कालखंडात (१६०३-१८६८) ही कला रुजली. १९८२ साली टोकियो परिसराची पारंपरिक हस्तकला म्हणून तिला अधिकृत मान्यता मिळाली. तलम रेशमाचे लहान चौकोन कापून प्रत्येक चौकोन चिमट्याने दुमडला जातो. दुमडण्याचे मूळ प्रकार दोनच : एकातून गोल पाकळी निघते, दुसऱ्यातून टोकदार. दुमडलेल्या पाकळ्या तांदळाच्या खळीच्या थरावर टेकवून ठेवतात आणि नंतर एकेक करून तळाच्या चकतीवर बसवतात. चेरीच्या फुलास पाच पाकळ्या पुरतात. शेवंतीस मात्र ओळींवर ओळी लागतात. म्हणजे सारे कौशल्य साधनांत नसून बोटांत आहे.

तथापि या कलेचे खरे वैशिष्ट्य तंत्रात नाही, पंचांगात आहे. क्योटोतील 'माइको', म्हणजे शिकाऊ नर्तकी, दर महिन्यास फूल बदलतात. फेब्रुवारीत उमे, एप्रिलमध्ये चेरी, मेमध्ये विस्टेरिया, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पाने. पहिल्या वर्षाच्या माइकोच्या फुलांना लोंबत्या माळा असतात. पुढे त्या जातात, त्यामुळे फुलावरून तिची ज्येष्ठताही कळते. कापडाचे फूल बाराही महिने टिकते, तरीही ते ऋतूबाहेर माळणे औचित्याला सोडून मानले जाते. न कोमेजणाऱ्या वस्तूवर कोमेजण्याचा नियम लादणारी ही शिस्त विलक्षणच म्हणावी लागेल.

मराठी परंपरा :
आपल्याकडे ही शिस्त कोणी लादली नाही. ती झाडांनीच पाळली. उन्हाळ्यात मोगरा, पावसात जुई, श्रावण-भाद्रपदात केवडा, थंडीत शेवंती. तळकोकणात व गोव्यात सुरंगीचा वळेसर वसंतातील थोडेच आठवडे मिळतो, म्हणूनच त्याची ओढ अधिक. न कोमेजणारे फूल आपल्याकडेही होते, पण ते सोन्याचे. अंबाड्यावरील केतकी, गुलाबफूल, अग्रफूल ही आभूषणे फुलांचीच रूपे होत. मात्र ती ऋतू सांगत नसत, घरची ऐपत सांगत.

वसईचा संदर्भ :
वसई तालुक्यात रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस फुलांच्या वाड्या आणि पूर्वेस सातिवलीसारख्या गावांत औद्योगिक गाळे, असे चित्र दिसते. वाड्यांतील मोगरा, सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो. त्याच बाजारपेठेत आता प्लास्टिकचे गजरे व तोरणे भरली आहेत. बागायतदाराच्या दृष्टीने हा उत्पन्नाचा प्रश्न आहे. परंतु त्यासोबत आणखी एक गोष्ट हरवते : प्लास्टिकचा मोगरा पौषातही तसाच असतो, त्याला महिना नाही आणि गंधही नाही. कृत्रिम फूल म्हणून जपानी कापडी फूल व हा गजरा यांना एकाच पंक्तीत बसवणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

कापडी फुलांस यंत्र लागत नाही. कात्री, चिमटा, कापडाचे तुकडे आणि घरातील एखादा कोपरा पुरतो. सातिवलीच्या कामगार वस्तीतील स्त्रियांसाठी महाविद्यालयांच्या महिला विकास कक्षांनी असा वर्ग चालवणे अशक्य नाही. मात्र तेथे चेरीची नक्कल शिकवण्यापेक्षा सुरंगी, बकुळ, सोनचाफा कापडात कसे उतरतील हे पाहावे. पूजेचे व रोजच्या वेणीचे फूल बागायतदाराकडेच राहावे. कापडी फुलाने नृत्य, नाटक व समारंभ यांपुरतेच समाधान मानावे. एक अडचण मात्र ध्यानात घ्यावी लागेल. तांदळाची खळ ओलाव्याने सुटते आणि वसईची पावसाळी हवा तिला मानवणारी नाही. जपानमधील अनेक कारागीरही आता लाकूडकामाचा पांढरा गोंद वापरतात. येथे प्रारंभ त्यापासूनच करावा लागेल.