कर्ज मंजूर झाले, पण घर पाहिले काय?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी घर बांधणारा गृहस्थ पायापासून आढ्यापर्यंत प्रत्येक काम डोळ्यांखालून घालीत असे. आज बहुसंख्य कुटुंबे तयार सदनिका विकत घेतात. सदनिका पुनर्विक्रीची असेल तर भिंतीच्या आत काय दडले आहे हे सांगणारेही कोणी नसते. मग ‘बँकेने कर्ज दिले, त्याअर्थी घर निर्दोष असणारच’ असा समज करून घेतला जातो. शाखेत येणाऱ्या सुशिक्षित ग्राहकांमध्येही तो आढळतो.

गृहकर्जाच्या प्रस्तावासाठी बँक दोन अहवाल मागविते. वकिलाच्या अहवालातून मालकीहक्क निर्वेध आहे की नाही हे कळते. मूल्यनिर्धारकाच्या अहवालातून मालमत्तेचे बाजारमूल्य, मंजूर नकाशाशी असलेला तिचा मेळ आणि इमारतीचे अंदाजे उर्वरित आयुष्य कळते. हे दोन्ही अहवाल बँकेच्या तारणाच्या सुरक्षिततेसाठी असतात. मूल्यनिर्धारक न्हाणीघरात पाणी ओतून पाहत नाही. ते त्याच्याकडून अपेक्षितही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कमच देता येते. उरलेली रक्कम खरेदीदाराची, आणि पुढे निघणारी दुरुस्तीही त्याचीच. छत गळू लागले म्हणून हप्ता कमी होत नाही.

घराचा पहिला शत्रू पाणी. शक्य असल्यास घर पावसाळ्यातच पाहावे. विक्रेते मात्र दिवाळीच्या सुमारास, ताज्या रंगाचा हात मारून घर दाखविणे पसंत करतात. एखाद्याच भिंतीला नवा रंग असेल तर कारण विचारावे. रंगाचे पापुद्रे, लोणा धरलेला गिलावा, खिडकीखालील पिवळसर डाग आणि बंद कपाटाच्या आतील कुबट वास ही ओल मुरल्याची चिन्हे होत. सजावटीचे आच्छादित छत असल्यास त्यावरील स्लॅब पाहण्याचा आग्रह धरावा. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की दाराकडे, हे पाहावे. त्यानंतर संकोच न बाळगता खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे जावे. त्यांच्या छतावर डाग असेल, तर खरेदीनंतर ती तक्रार नव्या मालकाच्या दारी येणार. घर सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यास गच्चीवर जाणे अनिवार्य समजावे. सर्व नळ एकाच वेळी सोडून दाब पाहावा, आणि पाणी किती तास येते व टँकरवर किती खर्च होतो, हे विक्रेत्याऐवजी रखवालदाराला विचारावे. त्याचे उत्तर अधिक खरे असते.

तडे सर्वच धोकादायक नसतात. गिलाव्यावरील केसासारख्या रेषा सामान्य होत. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी रुंद भेग, किंवा खांब अथवा तुळईवर सळईच्या दिशेने गेलेली आणि तांबूस डाग असलेली भेग गंभीर मानावी. आतील सळई गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट सुटू लागते. त्यावर केवळ गिलावा चढविला तर गंज आत वाढतच राहतो. पाहणी आपल्या सदनिकेपुरतीही असू नये. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. म्हणून तळमजल्यावरील दुकाने आणि वाहनतळ पाहावेत, कोणी भिंत वा खांब काढला आहे काय याची चौकशी करावी. मुंबई महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल सोसायटीकडे मागावा.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची अलीकडील इतिवृत्तेही वाचावीत. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरलेली असेल आणि विक्रेता ती देण्यापूर्वीच बाहेर पडत असेल, तर तो बोजा कोणावर पडणार हे उघड आहे. भोगवटा प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवाच. महाराष्ट्रात सूची क्रमांक दोन आणि भागप्रमाणपत्र, तर बेंगळूरुमध्ये ‘खाता’ पाहावा लागतो. राज्यागणिक कागदांची नावे बदलतात.

इमारत नवी असल्यास मूळ ताब्याची तारीख पाहावी. रेरा कायदा, २०१६ नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला संरचनात्मक वा कारागिरीचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो.

हे सारे इसार देण्यापूर्वी व्हावे. शंका असल्यास संरचना अभियंत्याला सोबत न्यावे. त्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. आढळलेल्या दोषांची यादी विक्रेत्याला लेखी द्यावी आणि दुरुस्ती कोणी, कोणाच्या खर्चाने व कोणत्या तारखेपर्यंत करावयाची, हे विक्रीकरारात नमूद करून घ्यावे.