तक्रारीची वही : लहान सॉफ्टवेअर धंद्याने कोणती निवडावी?

माल एकदा खराब निघाला तर ग्राहक माफ करतो. परंतु त्याची तक्रार विसरली गेली तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. हा नियम कापडाला लागू आहे, तसाच संगणकाच्या प्रोग्रामलाही लागू आहे.

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, तीन-चार तरुणांच्या मेहनतीवर चालणारे सॉफ्टवेअरचे लहान धंदे आहेत. चिकलठाणा एम.आय.डी.सी.त आहेत, तसेच भाड्याच्या एका खोलीतही आहेत. दुकानाचे बिल, स्टॉक, उधारी यांचे प्रोग्राम ते करून देतात. आम्ही कापडाचे व्यापारी. प्रोग्राम लिहिणे आमचे काम नव्हे. पण तक्रारीचा हिशोब कसा राखावा हे व्यापाऱ्याला कळते. शिवाय त्यांच्या गफलतीचा भुर्दंड शेवटी आपल्याच गल्ल्यावर पडतो.

एक उदाहरण पाहू. तयार कपड्यांवर पूर्वी नगास १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के जी.एस.टी. होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. बिलात दाखवलेली सूट वजा जाता जी किंमत उरते, तिच्यावर हा दर ठरतो. समजा, एका शेरवानीची कर सोडून किंमत २,७०० रुपये आहे आणि आपण ३०० रुपये सूट दिली. उरले २,४००, म्हणजे कर ५ टक्क्यांनी १२० रुपये. प्रोग्रामने सुटीआधीची किंमत पाहून १८ टक्के लावले तर कर होतो ४३२ रुपये. ग्राहकाकडून ३१२ रुपये जास्त गेले! कर म्हणून जास्त घेतलेली रक्कम दुकानदाराला ठेवताही येत नाही, ती सरकारात भरावी लागते.

हिमरूच्या नक्षीची बांधणी चुकली तर तीच चूक नक्षीच्या प्रत्येक फेरीत उमटते. प्रोग्रामचेही तसेच आहे. एक चूक रोजच्या शेकडो बिलांत उमटत राहते. अशा चुकीला संगणकवाले 'बग' म्हणतात आणि तिची नोंद ठेवणाऱ्या साधनाला 'बग ट्रॅकर'.

ही नोंद नसेल तर काय होते? एक दुकानदार फोन करतो, दुसरा व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, तिसरा चहाच्या टपरीवर सांगतो. तिघे तीन वेगळ्या मुलांना सांगतात, आणि प्रत्येक जण समजतो की दुसरा पाहील. म्हणून वही एकच असावी. प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक हवा. कोणी व केव्हा कळवले, काय केल्यावर चूक होते, काय यायला हवे होते आणि काय आले, हे लिहिलेले हवे. जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर हवी. स्थिती चारच असाव्यात : नवीन, काम चालू, दुरुस्त, तपासून बंद. ज्याने दुरुस्ती केली त्याने तक्रार बंद करू नये. दुसऱ्याने तपासून बंद करावी.

आता साधनांकडे वळू.

दोनच माणसे व एकदोनच ग्राहक असतील तर गूगल शीट पुरते. मात्र तक्रारी वाढल्या की एकाची ओळ दुसऱ्याच्या हातून बदलते आणि प्रत्येक तक्रारीवरचे बोलणे एका जागी राहत नाही.

प्रोग्राम गिटहबवर ठेवला असेल तर तेथील 'इश्यूज' ही सोय वापरावी. खाजगी कामासाठीही एप्रिल २०२० पासून तेथे माणसांची मर्यादा न ठेवता मोफत खाते मिळते. दुरुस्ती करताना तक्रारीचा क्रमांक लिहिला की दोन्हींची सांगड बसते. उणीव एवढीच की दुकानदार तेथे खाते उघडणार नाही. त्याची तक्रार मुलांनीच नोंदवली पाहिजे.

बगझिला (१९९८), मँटिस (२०००) आणि रेडमाइन (२००६) ही तिन्ही मोफत असून आपल्या सर्व्हरवर बसवता येतात. पैकी मँटिस लहान धंद्याला सोपे आहे. अनेक ग्राहकांची कामे व वेळेचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा असेल तर रेडमाइन बरे. बगझिला मोझिलाच्या प्रचंड कामासाठी जन्मले. चार माणसांना त्यातील रकान्यांचे ओझे होते. आणि मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर, रोजची बॅकअप प्रत आणि नव्या सुधारणा बसवणे ही जबाबदारी आपलीच राहते.

जिरा हे ऑस्ट्रेलियाच्या अॅटलासियन कंपनीचे, २००२ सालापासूनचे साधन. दहा माणसांपर्यंत ते मोफत आहे. अकरावा आला की पैसे सुरू. त्याची मांडणी करण्यातच बराच वेळ जातो. याच कंपनीने आपल्या 'सर्व्हर' प्रकाराला दिलेला आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला आणि ज्यांचे काम त्यावर होते त्यांना दुसरी वाट धरावी लागली. तेव्हा आपली सर्व नोंद बाहेर काढून घेता येते की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

निवडण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. मोबाईलवरून एका मिनिटात तक्रार लिहिता येते काय? मराठी व उर्दू मजकूर नीट उमटतो आणि शोधता येतो काय? बाहेरचा माणूस नोंदी पाहू शकतो काय? बिलाच्या फोटोवरील ग्राहकाचे नाव व फोन झाकूनच फोटो चढवावा. तो तपशील आपल्याकडे अमानत आहे.

आमचे मत असे : तीन ते पाच माणसांच्या धंद्याने, प्रोग्राम गिटहबवर असल्यास इश्यूज, नसल्यास मँटिस घ्यावे. एक महिना सर्व खऱ्या तक्रारी त्यातच लिहाव्यात. महिनाअखेर जी वही सर्वांनी रोज उघडली तीच आपली, मग ती कितीही साधी असो.

व्यापारी बंधूंनीही एक सवय लावून घ्यावी. "तुमचा प्रोग्राम बिघडला" एवढेच म्हणू नये. बिल क्रमांक, तारीख, आलेली रक्कम व हवी असलेली रक्कम कळवावी आणि लगेच विचारावे, "आमच्या तक्रारीचा नंबर काय?" ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याच्या हाती आपला हिशोब भरोशाने सोपवावा.