पै पै जमवून घेतलेले जंगल

शाळेची नवी खोली बांधायची असो, वाचनालय उघडायचे असो, की पूरग्रस्तांना मदत पाठवायची असो. लोक एकत्र येतात आणि वर्गणी गोळा करतात. उर्दूत तिलाच चंदा म्हणतात. वर्गणीतून इमारत उभी राहते, हे आपण पाहिलेले असते. पण वर्गणी गोळा करून एखादा डोंगर विकत घेता येईल का? आणि तोही एकच डोंगर नव्हे, तर जंगलाने भरलेली डोंगरांची सगळी रांग?

अमेरिकेतील दोन राज्यांच्या लोकांनी हे काम करून दाखवले. त्या डोंगररांगेचे नाव ‘ग्रेट स्मोकी माउंटन्स’. ‘स्मोकी’ म्हणजे धुरकट. या डोंगरांवर दाट झाडी आहे. तिथे नेहमी निळसर धुके तरंगत असते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, जणू डोंगरातून धूर निघत आहे. या रांगेची एक बाजू टेनेसी राज्यात आहे, तर दुसरी नॉर्थ कॅरोलायना राज्यात. आज तिथे एक मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. ते कसे उभे राहिले, ते या पाठात पाहू.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग नव्हे. जो प्रदेश सरकारने कायद्याने राखून ठेवला आहे, जिथे झाडे तोडायला, शिकार करायला किंवा खाणी खोदायला बंदी आहे, त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणतात. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ‘यलोस्टोन’ ओळखले जाते. ते अमेरिकेच्या पश्चिम भागात १८७२ साली स्थापन झाले. तिथली जमीन आधीच सरकारच्या ताब्यात होती. म्हणून सरकारने कायदा केला आणि उद्यान झाले. जमिनीसाठी पैसे मोजावे लागले नाहीत.

स्मोकी डोंगरांची गोष्ट वेगळी होती. इथली जवळजवळ सगळी जमीन खासगी मालकीची होती. बराच मोठा भाग लाकूड आणि कागद तयार करणाऱ्या कंपन्यांचा होता. उरलेल्या भागात शेतकऱ्यांची शेते आणि घरे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी डोंगरात रेल्वेचे रूळ टाकले आणि झपाट्याने जंगल तोडायला सुरुवात केली. शेकडो वर्षे उभी असलेली झाडे काही मिनिटांत आडवी होऊ लागली. डोंगर उघडे पडले. माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली.

१९२३ साली टेनेसीतील नॉक्सव्हिल शहरातील अ‍ॅन डेव्हिस आणि त्यांचे पती विलिस डेव्हिस पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने पाहून परत आले. अ‍ॅन यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. आपल्या स्मोकी डोंगरांचे राष्ट्रीय उद्यान का होऊ नये? पतीने हा विचार उचलून धरला आणि मित्रांना गोळा केले. एक संघटना स्थापन झाली. डेव्हिड चॅपमन नावाचे औषधांचे घाऊक व्यापारी पुढे या चळवळीचे नेते झाले. अ‍ॅन डेव्हिस स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि त्यांनी राज्याच्या विधिमंडळात जमीन खरेदीचा प्रश्न मांडला.

डोंगरांच्या पलीकडे, नॉर्थ कॅरोलायनात, दोन मित्र हेच काम करत होते. होरेस केफार्ट हे लेखक होते. डोंगर आणि तिथली माणसे यांवर ते लिहीत. जॉर्ज मासा हे जपानहून येऊन ॲशव्हिल शहरात स्थायिक झालेले छायाचित्रकार होते. जड कॅमेरा पाठीवर घेऊन ते शिखरांवर चढत आणि योग्य प्रकाशासाठी तासन्‌तास थांबत. सायकलचे चाक ढकलत नेऊन त्यांनी डोंगरातील पायवाटा मोजल्या. ज्यांनी ते डोंगर कधी पाहिले नव्हते, त्यांना मासांच्या छायाचित्रांतून ते दिसले. लोकांनी पैसे द्यावेत असे वाटत असेल, तर ते कशासाठी हवे आहेत, हे आधी लोकांना दाखवावे लागते.

१९२६ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, स्मोकी उद्यानाला मंजुरी दिली. पण एक अट घातली. जमीन खरेदीसाठी केंद्र सरकार पैसे देणार नाही. राज्यांनी आणि लोकांनी जमीन विकत घ्यावी आणि ती सरकारच्या हवाली करावी. मगच उद्यान होईल.

मंजुरी मिळण्याआधीच लोकांनी वर्गणीची मोहीम सुरू केली होती. सभा झाल्या. वर्तमानपत्रांनी लेख छापले. कार्यकर्ते घरोघर आणि दुकानोदुकानी फिरले. ज्याला एकदम रक्कम देणे शक्य नव्हते, त्याने पुढे देण्याचे लेखी वचन दिले. या मोहिमेत शाळाही मागे राहिल्या नाहीत. मुलामुलींनी आपल्या खाऊच्या पैशांतून पेनी जमा केल्या. पेनी म्हणजे एक सेंट, एका डॉलरचा शंभरावा भाग. एका पेनीत कितीशी जमीन येणार? पण थेंबे थेंबे तळे साचे. १९२६ च्या वसंत ऋतूपर्यंत दोन्ही राज्यांत मिळून सुमारे दहा लाख डॉलरची वर्गणी आणि वचने जमली.

जमिनीची किंमत मात्र याच्या दसपटीहून जास्त होती. मग दहा लाखांचा उपयोग काय झाला? इथेच वर्गणीची खरी ताकद दिसते. लोक स्वतःच्या खिशातून पैसे देत आहेत, हे पाहून दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी १९२७ साली प्रत्येकी वीस लाख डॉलर मंजूर केले. एकूण रक्कम पन्नास लाख झाली. तरीही निम्मीच.

आता चळवळीतील लोक धनिकांकडे गेले. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) हे तेलाच्या व्यापारातून अफाट श्रीमंत झालेल्या घराण्यातील होते. त्यांच्या आईच्या नावाने चालणाऱ्या निधीतून त्यांनी १९२८ साली पन्नास लाख डॉलर देण्याचे मान्य केले. अट अशी होती की, दुसरीकडून जितके डॉलर येतील, तितकेच या निधीतून मिळतील. म्हणजे लोकांच्या प्रत्येक पेनीच्या शेजारी आणखी एक पेनी येऊन बसणार होती. लहान मुलांच्या पेनीची किंमत अशी दुप्पट झाली. लोकांनी आधी काहीच दिले नसते, तर हे मोठे दानही मिळाले नसते.

पैसे ठरले, पण वाट सोपी नव्हती. १९२९ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी वर्गणीचे वचन दिले होते, त्यांतील अनेकांना ते पाळता आले नाही. दुसरीकडे जमिनीचे तुकडे सहा हजारांहून अधिक होते. प्रत्येक तुकड्याची मोजणी करायची, मालक शोधायचा, किंमत ठरवायची आणि कागदपत्रे करायची. काही कंपन्या भाव वाढवून मागत आणि कोर्टात जात. लिटल रिव्हर नावाच्या लाकूड कंपनीने आपली जमीन विकली. पण पुढे काही वर्षे झाडे तोडण्याचा हक्क करारात राखून ठेवला. म्हणजे विकत घेतलेल्या जंगलातही कुऱ्हाड चालूच राहिली! शेवटी पैसा कमी पडू लागला, तेव्हा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने आधीची अट बाजूला ठेवून पंधरा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. १५ जून १९३४ रोजी उद्यान स्थापन झाले. २ सप्टेंबर १९४० रोजी न्यूफाउंड गॅप या खिंडीत रूझवेल्ट यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. जॉर्ज मासा आणि होरेस केफार्ट हा दिवस पाहायला जिवंत नव्हते.

त्या खिंडीत दगडी चौथऱ्यावर एक लेख आहे. उद्यानाचा अर्धा वाटा दोन राज्यांच्या जनतेने व देशाने दिला आणि अर्धा वाटा लॉरा स्पेलमन रॉकफेलर यांच्या स्मरणार्थ मिळाला, असे त्यात म्हटले आहे. पण आणखी काही लोकांनी फार मोठा वाटा दिला. त्यांचा उल्लेख त्या लेखात नाही. ते म्हणजे डोंगरात राहणारे शेतकरी.

हजाराहून अधिक शेतांच्या मालकांना जमीन विकावी लागली. काहींनी ती खुशीने विकली. पण अनेकांना घर सोडायचे नव्हते. केड्स कोव्ह या खोऱ्यातील जॉन ऑलिव्हर यांचे पूर्वज तिथे पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांपैकी होते. ते अनेक वर्षे कोर्टात लढले, हरले आणि १९३७ साली गाव सोडून गेले. वॉकर घराण्यातील पाच बहिणींनी मरेपर्यंत आपल्याच घरात राहण्याची परवानगी मिळवली. त्यांतील शेवटची बहीण १९६४ पर्यंत तिथे राहिली. त्यांचे लाकडी घर आजही उभे आहे. या सर्वांच्याही आधी हे डोंगर चेरोकी या आदिवासी जमातीचे होते. १८३८ साली सैन्य पाठवून बहुतेक चेरोकींना शेकडो मैल दूर पश्चिमेला हाकलून देण्यात आले. जे मागे राहिले, त्यांचे वंशज आज उद्यानाच्या सीमेला लागून राहतात. उद्यानातील सर्वांत उंच शिखराला एका सेनापतीचे नाव दिले होते. चेरोकींच्या मागणीवरून २०२४ साली त्या शिखराला त्याचे जुने नाव परत मिळाले. ते नाव आहे ‘कुवोही’, म्हणजे तुतीच्या झाडांची जागा.

ज्याने पेनी दिली, त्याने मनापासून दिली. ज्याचे घर गेले, त्याला मात्र कोणी पर्याय दिला नाही. म्हणून चांगल्या कामासाठी पैसे जमवताना एक प्रश्न विचारायलाच हवा : या कामाचा भार कोणावर पडणार आहे? त्याची संमती घेतली आहे का?

आज या उद्यानाचे क्षेत्र पाच लाख वीस हजार एकरांहून अधिक आहे. तोडलेल्या जागी पुन्हा जंगल वाढले आहे. तिथे काळी अस्वले आहेत. सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या, पण बेडकाच्या नात्यातील प्राण्याच्या तीस जाती आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे काजव्यांची एक जात सर्वांनी मिळून एकाच वेळी चमकते आणि एकाच वेळी विझते. दरवर्षी एक कोटीहून अधिक लोक हे उद्यान पाहतात.

वर्गणीची परंपराही थांबलेली नाही. या उद्यानात प्रवेश शुल्क नाही. टेनेसीने उद्यानातील मुख्य रस्ता केंद्राला देताना त्यावर कर घेऊ नये, अशी अट घातली होती. २०२३ पासून फक्त गाडी उभी करण्याचे शुल्क घेतात. म्हणून लोकांच्या मदतीची गरज असते. १९९३ साली उद्यानाच्या मित्रांची एक संस्था स्थापन झाली. उद्यानात दानपेट्या आहेत. मोटारमालक जादा पैसे भरून उद्यानाचे चित्र असलेली नंबर प्लेट घेतात. पदयात्रा आणि मेळावे होतात. या पैशातून पायवाटा दुरुस्त होतात, शाळकरी मुलांच्या सहली होतात आणि किडीने वाळणाऱ्या हेमलॉक वृक्षांवर औषधोपचार होतो. ज्यांच्याजवळ पैसे नाहीत, ते आपला वेळ देतात. स्वयंसेवक कचरा उचलतात, वाटा साफ करतात आणि पाहुण्यांना माहिती देतात.

विकत घेतलेले जंगल एकदा घेऊन संपत नाही. ते रोज राखावे लागते. त्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेली पेनी कधीच खर्च झाली. पण तिने राखलेल्या झाडांची सावली अजून पडते आहे.

शब्दार्थ
वर्गणी – चंदा
मोहीम – ठरवून केलेले मोठे काम
मंजुरी – परवानगी
विधिमंडळ – राज्यासाठी कायदे करणारी सभा
मंदी – व्यापार व कामधंदा कमी होण्याचा काळ
संमती – रजामंदी
वंशज – कुळात पुढे जन्मलेले लोक
स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यलोस्टोन उद्यानासाठी जमीन विकत का घ्यावी लागली नाही?
(आ) जॉर्ज मासा यांनी पायवाटा कशाने मोजल्या?
(इ) ‘कुवोही’ या नावाचा अर्थ काय?
२. ‘लहान मुलांच्या पेनीची किंमत दुप्पट झाली.’ ती कशी, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीच्या अर्थाची उर्दू म्हण सांगा.
४. जॉन ऑलिव्हर यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? वर्गात चर्चा करा.
५. तुमच्या मोहल्ल्यात किंवा शाळेत कोणत्या कामासाठी वर्गणी जमवली होती? तिचा हिशेब कसा ठेवला, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.