शिट्टी नाही, टॅकल नाही, आणि ‘कोच’ म्हणायचं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात काही वाक्यं अर्धवट राहिली होती, ती इथे पूर्ण केली आहेत.

शाळेत आमचे पीटीचे सर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि मध्ये पाणी प्यायला मनाई. ‘पोटात दुखेल’ म्हणायचे. आम्हीही मान डोलवायचो. जॉन गलार्डी यांच्याबद्दल वाचताना मला पहिल्यांदा ते सर आठवले. (आडनावाच्या स्पेलिंगवर जाऊ नका, त्यातल्या दुसऱ्या ‘जी’चा उच्चारच होत नाही.)

गलार्डींचा जन्म 1926 सालचा, गाव त्रिनिदाद. वेस्ट इंडिजमधलं नव्हे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं. 1943 मध्ये त्यांच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचला महायुद्धासाठी सैन्यात बोलावलं गेलं. आता संघच बंद पडणार, अशी वेळ आली. तेव्हा संघाचा कप्तान असलेला हा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, मी बघतो. आणि आधी काय केलं, तर जे जे स्वतःला नकोसं वाटायचं ते बंद. दमवणाऱ्या कसरती बंद, आणि सरावात पाणी प्यायला परवानगी.

इथे थोडं थांबून खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडतात, त्याला टॅकल म्हणतात. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, पण भरधाव वेगात आणि डोक्यावर हेल्मेट घालून. सामन्यात ते व्हायचंच. पण सरावातही रोज एकमेकांना असंच आपटायचं, त्याशिवाय पोरं कणखर होत नाहीत, ही तिकडची पक्की समजूत.

मोंटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजात चार हंगाम काढून गलार्डी 1953 मध्ये मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठात आले आणि 2012 पर्यंत तिथेच राहिले. बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापन केलेली ही छोटी संस्था. स्पर्धेच्या उतरंडीत डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरं हौसेने खेळतात, अभ्यास सांभाळून.

तिथे त्यांची ‘नाही’ची यादी वाढत गेली. सरावात टॅकल नाही. शिट्टी नाही. सराव दीड तासापेक्षा जास्त नाही. वजनं उचलण्याची सक्ती नाही. हवा फार वाईट असली किंवा डास फार असले (मिनेसोटातले डास प्रसिद्ध आहेत बरं का) तर बाहेरचा सरावही नाही. आलेल्या कुणाला संघातून काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं असायची. आणि ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं जॉन. आपल्याकडे ‘सर’ला चिकटलेल्या माणसाला हे पचणं जरा कठीणच! ‘नाइस डे ड्रिल’ नावाचा एक प्रकार होता. गवतावर आडवं पडायचं आणि शेजाऱ्याला म्हणायचं, काय छान दिवस आहे!

मग दीड तास करायचे काय? तर ठरलेल्या खेळी पुन्हा पुन्हा. कोण कुठे पळणार, समोरचा हलला की आपण काय करायचं. फक्त शेवटची धडक वगळायची.

निकाल बघा. 64 हंगाम, 489 विजय, 138 पराभव, 11 बरोबरी. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके सामने कुठल्याच कोचने जिंकलेले नाहीत. आधीचा विक्रम ग्रॅम्बलिंग स्टेटच्या एडी रॉबिन्सन यांचा, 408. तो 8 नोव्हेंबर 2003 रोजी मोडला, तेव्हा गलार्डी 77 वर्षांचे होते.

आता कुणी म्हणेल, लहान कॉलेजांशी खेळून जिंकले, त्यात काय! मुद्दा अगदीच चुकीचा नाही. 489 आकडा रॉबिन्सन यांच्या आकड्याशेजारी ठेवताना मलाही थोडं अडखळायला होतं. पण त्याच 2003 मध्ये अंतिम सामन्यात समोर होता माउंट युनियन, सलग 55 सामने जिंकून आलेला. सेंट जॉन्सने त्यांना 24–6 असं हरवलं. राष्ट्रीय विजेतेपदं एकूण चार: 1963, 1965, 1976 आणि हे.

टॅकल न केल्यामुळे ते जिंकले, असं मी म्हणणार नाही. चांगली पोरं मिळणं, एकाच जागी साठ वर्षं टिकणं, हे सगळं त्यात आहे. पण रोज आपटल्याशिवाय संघ घडत नाही, या म्हणण्यातली हवा मात्र गेली.

तरी नक्कल फारशी कुणी केली नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचं काय होतं, यावर बोभाटा झाला तेव्हा कुठे चक्रं फिरली. डार्टमथने 2010 मध्ये सरावातलं टॅकल बंद केलं. मग 2016 मध्ये हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगमधल्या कोचेसनी एकमताने ठरवलं, की हंगाम चालू असताना सरावात पूर्ण टॅकल करायचं नाही. तेव्हा गलार्डी 89 वर्षांचे होते, निवृत्त होऊन चौथं वर्ष चालू होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये ते गेले.