झोप येत नाही? सकाळी बाहेर पडा!

रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. शेजारी 'हे' गाढ झोपलेले आणि मी आपली कूस बदलतेय! तीन महिने हेच चाललं होतं. एकदा शाळेत फळ्यावर सोपं गणित चुकलं, घरी येऊन धाकटीला उगीच धपाटा घातला आणि मग मीच रडत बसले. शेजारच्या वहिनी स्वतःची झोपेची गोळी देत होत्या. ती न घेता डॉक्टर गाठले.

त्यांनी विचारलं, "दिवसाउजेडी बाहेर किती वेळ असता?" माझी सकाळ अंधाऱ्या स्वयंपाकघरात, दुपार वर्गात!

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं, बरं का! (त्यावरच्या संशोधनाला २०१७ साली नोबेलही मिळालं.) सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की ते नीट लागतं आणि रात्री झोप आणणारं मेलॅटोनिन वेळेवर स्रवतं. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स. बाहेर मात्र ढगाळ दिवशीही हजारांत असतो.

मग मुलांचे डबे भरले की अर्धा तास भरभर चालायला जाऊ लागले. संध्याकाळनंतर चहा बंद. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. आता त्याही बरोबर असतात! तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोनचे ठोके ऐकूच आले नाहीत.

मैत्रिणींनो, सूर्याकडे थेट बघू नका. आणि घोरणं किंवा सततची उदासी असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. पण उद्या सकाळी चपला घालायला काय हरकत आहे?